आठ दिवस घाला, सवय होईल

चष्म्याची काच, म्हणजे हल्ली प्लास्टिकच, कोरडी घासायची नाही. चाकावर पाण्याची धार सुरू हवी, नाहीतर कड जळते आणि जळक्या प्लास्टिकचा वास दोन दिवस खोलीतून हलत नाही.

जिन्याला चौदा पायऱ्या. तेरावी अर्धा इंच बुटकी.

"हे बरं की हे बरं? पहिलं बरं की दुसरं बरं?"

प्रश्न चौथा: डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखं होतं का? हो / नाही. प्रश्न पाचवा: कधीपासून?

डोळ्याच्या आतला मागचा पडदा दुखत नाही. त्याला दुखण्याची सोयच नाही. ओल धरलेल्या भिंतीवरचा कागद सुटावा तसा तो सुटतो, आवाज न करता.

पालथं पडून राहिलेल्या माणसाला, भेटायला येणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात.

सव्वीस वर्षांत एका बाईने जवळपास चाळीस हजार काचा घासल्या.

*

हे सगळं एकाच बाईचं. गल्लीत तिला 'चष्मेवाल्याची' म्हणत. चष्मेवाल्याची कोण, ते पुढे कुणी जोडत नसे. न जोडताच सगळ्यांना कळे.

दुकान लांबट होतं, आगगाडीच्या डब्यासारखं. पुढे काचेची कपाटं, आरसे, ओळीने टांगलेल्या फ्रेमा, अक्षरांचा तक्ता आणि तक्त्यासमोर उंच पाठीची खुर्ची. मध्ये जाड निळा पडदा. पडद्यामागे एक हौद, एक दिवा, घासायचं चाक आणि ती. वर घर. पुढे नवरा डोळे तपासायचा, नंबर काढायचा, गिऱ्हाइकाला हसवायचा. मागे ती त्या नंबराच्या काचा फ्रेमच्या मापाने घासायची आणि खाचेत बसवायची. पडद्यापुढची माणसं तिला आवाजाने माहीत होती आणि डोळ्यांच्या नंबराने. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर तिला चेहरा ओळखू यायचा नाही, पण तो बोलला की ती मनात म्हणायची, अरे, हे तर डावा अडीच, उजवा पावणेतीन.

तिचा स्वतःचा नंबर मायनस नऊ. लहानपणापासूनचा. लग्न जुळवताना त्या जाड चष्म्यापायी दोन ठिकाणांहून नकार आला. तिसरा चष्मेवालाच निघाला. म्हणाला, "घरातच दुकान आहे, हिला जन्मभर चष्मा फुकट." सगळे हसले. तीही हसली. जन्मभर म्हणजे किती, हे लग्नात कोण विचारतं?

नवरा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. धंद्यात तर सोन्यासारखा. गरज नसताना नंबर वाढवून चष्मा गळ्यात मारणारे पुष्कळ असतात, हा तसा नव्हता. त्याच्या भिंगांच्या पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये दोनशेच्या वर भिंगं होती आणि त्यांच्यात एक काळी चकती, मधोमध टाचणीएवढं भोक असलेली. कुणी म्हणालं, धूसर दिसतंय, की तो आधी ती चकती डोळ्यासमोर धरायचा. "या भोकातून साफ दिसलं, तर नंबराची भानगड, म्हणजे माझं काम. भोकातूनही धूसरच दिसलं, तर डोळा आत कुठेतरी बिघडलाय, म्हणजे डॉक्टरचं काम." पडद्याआड तिने हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं, की चाक चालवता चालवता तिचे ओठ त्याच्याबरोबर हलायचे.

दुसरं वाक्य नवा चष्मा देतानाचं. गिऱ्हाईक आरशात बघून म्हणायचं, जमीन वर आल्यासारखी वाटते हो, चक्कर येतेय. तो म्हणायचा, "आठ दिवस घाला, सवय होईल." आणि व्हायची.

एक मात्र होतं. मोठ्या रस्त्यापलीकडे डोळ्यांचं रुग्णालय झालं होतं, आणि तिथे चष्म्याचा नंबरही काढून देत. तेव्हापासून त्या इमारतीचं नाव निघालं की नवऱ्याच्या कपाळाची शीर उठायची.

*

सोमवार

चारच्या सुमारास ती हौदाशी वाकली होती. उजव्या डोळ्याच्या कडेला लख्खकन काहीतरी चमकलं. दिवा गेला असं वाटून तिने वर पाहिलं, दिवा शाबूत. परत वाकली, परत चमकलं. मग डोळ्यापुढून काळ्या ठिपक्यांचा थवा उतरला, शाईचं पेन झटकावं तसा. तिने हात हलवून ते हाकलले. ठिपके हलले, पण हाताने नव्हे; डोळा फिरवला की फिरत आणि थांबला की थांबून खाली बसत.

चहाच्या वेळी ती पडद्याबाहेर आली.

"अहो, माझ्या उजव्या डोळ्यात चमकल्यासारखं होतंय. आणि काळं काळं उडतंय."

"चष्मा दे इकडे." त्याने काच उजेडात धरली, तोंडाची वाफ सोडली, फडक्याने पुसली. "हे बघ काय साठलंय. दुनियेच्या काचा पुसतेस, स्वतःची पुसायला काय होतं?"

"काचेवरचं नाही हो. आतलं वाटतंय."

"आतलं!" तो हसला. "पित्त झालं असेल. चहा कमी कर."

असं म्हणून त्याने तिचा चहा स्वतःच्या कपात ओतून घेतला. तो विनोद होता. तिलाही हसू आलं.

*

मंगळवार

वीज थांबली नाही. अंधारात जास्त. पडद्यामागची खोली अंधारी असल्यामुळे तिला दिवसभर कुणीतरी कोपऱ्यातून फोटो काढतंय असं वाटत राहिलं.

दुपारी हवेसाठी पडदा बाजूला केला होता, तेव्हा शेजारचा कुलूपवाला किल्लीवर कानस मारता मारता बाहेरून ओरडला, "काय वहिनी, आज मान हलवत काम चाललंय? गाणं लागलंय काय मनात?"

"माश्या आहेत."

"चष्मेवाल्याकडे माश्या? नंबर लागला की काय त्यांना!"

रात्री जेवताना तिने परत विषय काढला. नवरा म्हणाला, "तुझा नंबर मला पाठ आहे गं. वाढला असेल थोडा. या वयात नंबर हलतो."

तिचा नंबर त्याला पाठ होता हे खरं. पण तो त्याने कधी काढला नव्हता. लग्नात तिच्या नाकावर जो चष्मा होता, तो यंत्राखाली ठेवून त्यावरून आकडा उतरवून घेतला होता. पुढे दर पाच-सहा वर्षांनी ती म्हणायची जरा कमी दिसतं, आणि तो पाव वाढवायचा किंवा नाही वाढवायचा. त्या उंच पाठीच्या खुर्चीवर ती सव्वीस वर्षांत एकदाही बसली नव्हती. रोज सकाळी पुसत मात्र होती.

*

बुधवार

सकाळी खाली उतरताना तेराव्या पायरीवर पाय चुकला. ती पायरी बुटकी आहे हे तिच्या पायांना झोपेतही ठाऊक होतं, तरी चुकला. कठडा धरून ती उभी राहिली आणि लक्षात आलं: उजव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूला, खालून काहीतरी वर आलंय. काळं नाही, करडं. भांड्यात पाणी चढावं तसं. बघायला गेलं की सरकतं, आणि सरकून तिथेच असतं.

नवरा शटर उघडत होता.

"अहो, नाकापाशी खालून सावली आलीय. जाते पण नाही."

त्याने वळून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे म्हणजे चष्म्याकडे. पंचवीस-तीस वर्षं माणसांच्या नाकावर फ्रेमा बसवल्या की नजर आधी तिथेच जाते. आणि चष्मा घसरलेला होताच.

"फ्रेमची कड दिसतेय तुला. बघ किती खाली आलाय! नाकाच्या गाद्या झिजल्यात." त्याने चष्मा काढून घेतला, गरम वाळूच्या भांड्यात दांड्या खुपसल्या, वाकवल्या, गाद्या बदलल्या. पाच मिनिटांत चष्मा तिच्या कानामागे असा घट्ट बसला, की कानशिलं ठणकायला लागली. "आता?"

"आता पण आहे."

"असं कसं?"

"चष्मा काढल्यावर पण आहे हो."

"चष्मा काढल्यावर तुला काय दिसतं ते मला नको सांगूस. चष्मा काढल्यावर तुला मी तरी दिसतो का?"

पहिलं गिऱ्हाईक दारात उभं होतं, ते हसलं. एका शाळेतल्या बाई होत्या, वाचायचा चष्मा न्यायला आलेल्या. त्या म्हणाल्या, "दाखवून का येत नाही समोरच्या रुग्णालयात? जवळच आहे."

मग नवरा अगदी गोड आवाजात म्हणाला, "बाई, हलवायाच्या घरचं माणूस मिठाई आणायला दुसऱ्याच्या दुकानात गेलेलं पाहिलंय का कधी?" शाळेतल्या बाई ओशाळल्या. पडद्याआड गेल्यावर तो तिला म्हणाला, आता गोड आवाजात नव्हे, "उद्या तू त्या रांगेत उभी राहिलीस, की परवा अख्खी गल्ली तिथे असेल. चष्मेवाल्याच्या बायकोला चष्मेवाल्याचा भरवसा नाही म्हणतील. पाव वाढवू उजव्याला. सव्वानऊ. नवी फ्रेम पण घे, चांगली, तुला आवडेल ती."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो म्हणाला होता, तुला आवडेल ती. तिने तपकिरी घेतली.

भोकाची चकती पेटीत, तिच्या खाचेत होती. पडद्यापासून चार पावलांवर.

*

शुक्रवार

काचा कागदी पाकिटांतून येत, पाकिटावर बारीक आकड्यांत नंबर. सकाळी तिने सगळी पाकिटं लावून घेतली. तिची एक रीत होती: डावा डोळा मिटायचा, काच उजव्या डोळ्यासमोर धरायची आणि भिंतीवर काढलेली उभी-आडवी फुली काचेतून बघायची. काच हलवत हलवत फुली सरळ आली, की तिथे शाईचा ठिपका द्यायचा. तो काचेचा मध्य. सव्वीस वर्षांत तिचा ठिपका केसभरही हुकला नव्हता. तेराव्या पाकिटात तिची स्वतःची काच होती, उजवी, सव्वानऊ. आकडा तिला नीट वाचता आला. खालचा अर्धा भाग करडा होता, पण आकडा वाचता आला.

आधी गिऱ्हाइकांचं काम, मग घरचं. जेवण झाल्यावर तिने आपली काच हातात घेतली. डावा डोळा मिटला. भिंतीवरची फुली वाकडी होती. तिने काच फिरवली. फुली वाकडीच. आडवी रेघ मध्येच पोट आल्यासारखी फुगली आणि ती बघत असतानाच, जसं कुणी ओल्या हाताने खडूची रेघ पुसावी, मधूनच पुसली गेली.

तिने डोळा चोळला. उघडला. मध्ये काही नव्हतं.

तिने डावा डोळा उघडला. फुली आली, सरळ, आहे तिथे. मग तिला वाटलं की काचच खराब आली असेल. खरंच वाटलं. चाळीस हजार काचा हातून गेल्या की माणसाला बिघाड आधी काचेत दिसतो. डाव्या डोळ्याने तिने ठिपका दिला, धार सुरू केली, चाक फिरवलं, आणि आपल्या फुटत चाललेल्या डोळ्यासाठी ती काच इतकी सुरेख घासून दिली, की खाचेत बसताना टक असा आवाज आला.

*

शनिवार

"कसा आहे?"

"दिसत नाहीये हो उजव्याने. मधलं काहीच दिसत नाही."

"नवा नंबर आहे, नवी फ्रेम आहे." तो आरसा पुसत होता, मागे न वळता म्हणाला. "आठ दिवस घाल, सवय होईल."

त्याच दिवशी तिने एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या दोन्ही काचा वाया घालवल्या. डावी उजवीत, उजवी डावीत. ते गृहस्थ चष्मा घालून दाराच्या चौकटीवर आपटले. नवऱ्याने त्यांची माफी मागितली, पाणी दिलं, खुर्चीत बसवलं, नंबर पुन्हा तपासला, भोकाची चकतीसुद्धा लावून पाहिली, उगाच शंका नको म्हणून. मग पडद्याआड येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "झोपेत काम करतेस काय?"

*

रविवार

दुपारी तो वर झोपायला गेला. शटर अर्ध्यावर होतं. ती पडदा सारून पुढे आली आणि त्या खुर्चीवर बसली. खुर्ची मऊ होती. इतकी मऊ असेल असं पुसताना वाटलं नव्हतं.

पेटी मांडीवर घेतली. काळी चकती काढली. चष्मा काढून ठेवला, म्हणजे तक्त्याच्या जागी नुसता पांढरा ढग राहिला. उजवा डोळा तळव्याने झाकून भोक डाव्या डोळ्याशी आणलं. ढगातून अक्षरं निघाली. वरची, त्याखालची, त्याखालची. मायनस नऊचा डोळा आणि टाचणीएवढं भोक, पण निघाली. ती गालात हसली, गंमत पाहिल्यासारखी.

मग तळवा डाव्या डोळ्यावर.

भोकातून करडं. चकती वर केली, खाली केली. वरच्या कोपऱ्यात तक्त्याची एक कड दिसली, पाण्यात बुडलेल्या काठीसारखी वाकलेली. बाकी काही नाही. तिने चकती बरोबर धरलीय का ते डाव्या डोळ्याने पाहिलं. बरोबर होती.

भोकातूनही धूसरच दिसलं, तर डॉक्टरचं काम. तिचे ओठ सवयीने हलले.

ती तशीच बसून राहिली. नवरा जिना उतरून आला, तिला खुर्चीत पाहून म्हणाला, "हे काय, गिऱ्हाईक झालीस?" आणि मग त्याला तिच्या हातातली चकती दिसली.

"अहो, भोकातून दिसत नाही."

तो शटरपर्यंत गेला, परत आला. चकती तिच्या हातातून घेतली, फडक्याने पुसली, तिच्या खाचेत ठेवली, पेटी बंद केली.

"उद्या दुकानात गर्दी कमी असते," शेवटी म्हणाला. "उद्या जाऊन ये."

*

पुन्हा सोमवार

प्रश्न चौथा: हो. प्रश्न पाचवा: गेल्या सोमवारपासून. प्रश्न सहावा, काळे ठिपके अचानक वाढले का: हो. प्रश्न सातवा, बाजूने पडदा किंवा सावली आल्यासारखं: हो, बुधवारपासून. प्रश्न आठवा, दुखतं का: नाही. अजिबात नाही.

फॉर्म तिने डाव्या डोळ्याने भरला.

डॉक्टर तिच्या मुलीच्या वयाची असती, मुलगी असती तर. तिने थेंब घातले, तासभर बाकावर बसवलं, मग आडवं झोपवून कपाळावरच्या दिव्याने डोळ्यात पाहिलं. "वर बघा. उजवीकडे. खाली." खूप वेळ पाहिलं.

"काकू, डोळ्याच्या मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. चित्र त्याच्यावर उमटतं. तुमच्यासारखा जाड मायनस नंबर असला की तो ताणून आधीच पातळ झालेला असतो. त्याला वरच्या बाजूला भोक पडलं, त्यातून पाणी मागे शिरलं आणि तो सुटत गेला. वीज चमकली ती त्याला ओढ बसली तेव्हा. सावली आली ती तो सुटला तेव्हा."

"चष्म्याने..."

"चष्म्याचा काही संबंध नाही. कॅमेऱ्यातली फिल्मच सुटली तर बाहेरून कुठलीही काच लावून काय उपयोग?" मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "या उजव्या डोळ्याने, फक्त याच डोळ्याने, बारीक काही शेवटचं कधी वाचलंत? आठवतं का?"

लोकांना हे आठवत नाही. दोन्ही डोळे उघडे असतात, चांगला डोळा वाईटाचं झाकून नेतो. पण हिला आठवत होतं.

"शुक्रवारी सकाळी. पाकिटावरचा नंबर. दुपारी फुली वाकडी दिसली."

डॉक्टरची लेखणी थांबली. "कसली पाकिटं?"

"आमचं चष्म्याचं दुकान आहे."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं, मग फॉर्मकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "म्हणजे शुक्रवारी सकाळपर्यंत मधला भाग चिकटलेला होता. नजर सगळी त्या मधल्या भागात असते, काकू. तो सुटायच्या आत माणूस आला की आम्ही..." ती थांबली. "उद्या सकाळी ऑपरेशन करू. पडदा बसवू. नजर किती परत येईल, ते आज सांगत नाही."

डावा डोळाही तिने तपासला. तिथेही पडदा दोन जागी विरलेला होता. तिथे लगेच लेझर मारून घेतलं. "हा डोळा जपा. पुन्हा कधी वीज चमकली, ठिपके आले, सावली आली, तर त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही. आणि नंबर कुणी काढला हे विचारत नाही, पण जाड मायनसवाल्यांनी वर्षातून एकदा डोळा आतून बघून घ्यायचा असतो. हे तुमच्या दुकानात तरी माहीत असायला हवं होतं."

दुकानात माहीत होतं. पडद्यापुढे.

*

ऑपरेशनमध्ये डोळ्यात वायूचा फुगा भरला. तो वर चढून पडद्याला दाबून धरायला हवा, म्हणून बाईने दहा दिवस तोंड खाली करून राहायचं. जेवण खाली बघून, झोप पालथी, बोलणं फरशीशी.

नवरा रोज डबा घेऊन येई. तिला त्याचे बूट दिसत. डाव्या बुटाची नाडी तुटून गाठ मारलेली होती.

चौथ्या दिवशी बूट म्हणाले, "तू नीट सांगितलं असतंस तर."

"सोमवारी सांगितलं," ती फरशीला म्हणाली. "मंगळवारी सांगितलं. बुधवारी, शनिवारी सांगितलं."

"असं नाही गं. गिऱ्हाईक कसं सांगतं, सगळं सविस्तर."

"मला खुर्चीत बसवायला काय झालं होतं तुम्हाला?"

बूट जरा मागे सरकले.

"घरच्या माणसाला कुणी खुर्चीत बसवतं का?" ते म्हणाले, आणि त्या आवाजात खरं आश्चर्य होतं. चिडायला समोर चेहरा लागतो. बुटांवर कसं चिडणार?

*

पडदा बसला. नजर नाही. दोन महिन्यांनी उजव्या डोळ्याने तिला हातभर अंतरावरची बोटं मोजता येत होती. दाराच्या चौकटी पोट आल्यासारख्या दिसत. डॉक्टर म्हणाली, थोडं सुधारेल. आवाजावरूनच तिला कळलं, की थोडं म्हणजे एक बोट.

नवरा म्हणाला, "आता उजव्याला नवा नंबर काढायला पाहिजे." त्याने तिला मान देऊन खुर्चीत बसवलं. पेटी उघडली. हे बरं की हे बरं? पहिलं बरं की दुसरं? ती प्रत्येक वेळी म्हणाली, सारखंच. पंधरा-वीस भिंगं झाल्यावर तो पहिलीच भिंगं पुन्हा काढायला लागला, तेव्हा तिने एकदा "दुसरं" म्हटलं. त्याला बरं वाटलं. ती परत पडद्यामागे गेली. शाईचा ठिपका आता डाव्या डोळ्याने द्यायला शिकत होती, केसभर हुकायचा.

एके दिवशी संध्याकाळी गाडी शिकवणारा एक माणूस दुकानात आला. आवाज नवा. म्हणाला, कालपासून डाव्या डोळ्यात चमकतंय, काळं जाळं आल्यासारखं झालंय, चष्मा बदलायचा का?

पडद्याआड चाक थांबलं.

"चष्मा राहू द्या," नवरा म्हणाला. "आत्ताच्या आत्ता समोरच्या रुग्णालयात जा. पडदा सुटत असेल. तासांचा खेळ असतो हा."

"अहो, साडेसहाला माझी मुलं यायचीत शिकायला. उद्या गेलो तर?"

"उद्या नाही." नवऱ्याचा आवाज चढला. "माझ्या बायकोला हेच झालं होतं. तिला वीज चमकली त्या दिवशी मी शटर खाली ओढलं आणि तिला घेऊन गेलो. त्याच दिवशी! तेव्हा कुठे डोळा वाचला."

ती पडदा सारून बाहेर आली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो फ्रेमांची एक ओळ सरळ करत होता, जी आधीच सरळ होती. गाडी शिकवणारा तिच्याकडे वळला. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा. तिने मनात आकडा बांधला: मायनस सात तरी.

"काय ताई, खरं का हो? त्याच दिवशी नेलं यांनी?"

तिला त्याचा चेहरा एका डोळ्याने स्पष्ट दिसत होता आणि दुसऱ्याने मधोमध पुसलेला.

"हो," ती म्हणाली. "त्याच दिवशी. जा तुम्ही. मुलांना मी सांगते, पाटी लावते तुमच्या गाडीवर. पळा."

तो गेला. नवरा फ्रेमा लावत राहिला. ती पडद्यामागे गेली, धार सुरू केली.

शुक्रवारचा आदला दिवस गुरुवार. गुरुवारी दुकानाला साप्ताहिक सुट्टी असते. मधलं अजून दिसत होतं त्या गुरुवारी दोघं दिवसभर घरीच होती. त्याने पंख्याची पाती पुसली, आणि तिने खाली उभं राहून स्टूल धरलं.